एक्झिक्युटेबल फाइल : सी भाषेतून वाचन आणि लेखन

एक्झिक्युटेबल फाइल म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा आणि त्या आज्ञा मेमरीत कुठे, कशा मांडायच्या याची माहिती, असा दुहेरी ऐवज असतो. पहिला भाग प्रोसेसरसाठी, दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोडरसाठी. प्रोग्रॅम सुरू करण्याचा हुकूम मिळाला की लोडर आधी हा दुसरा भाग वाचतो, सांगितल्याप्रमाणे मेमरी आखतो, फाइलमधले तुकडे तिथे आणून ठेवतो आणि नेमून दिलेल्या पत्त्यावर प्रोसेसरला सोडून देतो. या दुसऱ्या भागाची मांडणी म्हणजेच फाइलचे फॉरमॅट.

आज तीन फॉरमॅट्स जगभर चालतात. लिनक्स आणि अँड्रॉइडवर ईएलएफ, विंडोजवर पीई आणि ॲपलच्या यंत्रांवर माख-ओ. तिन्हींची सुरुवात ओळख पटवणाऱ्या ठरावीक बाइटांनी होते. ईएलएफचे पहिले चार बाइट दशमान पद्धतीत १२७, ६९, ७६, ७० असे असतात. शेवटचे तीन म्हणजे ई, एल, एफ या रोमन अक्षरांचे आस्की क्रमांक. विंडोजच्या फाइलचे पहिले दोन बाइट ७७ आणि ९० असतात, म्हणजे एम आणि झेड. डॉससाठी ही मांडणी करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे. ॲपलच्या एकाहून अधिक प्रोसेसरांसाठीच्या जोडफाइलची खूण सोळामान पद्धतीत लिहिली की ‘कॅफे बेब’ असे शब्द दिसतात, आणि नेमकी तीच खूण जावाच्या क्लास फाइललाही आहे. त्यामुळे नुसत्या पहिल्या चार बाइटांवरून फाइलची जात ठरवणारा प्रोग्रॅम इथे हमखास फसतो. पुढचे आकडे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

सी भाषेत अशी फाइल उघडताना पहिली काळजी ‘एफओपन’ला द्यायच्या मोडची. वाचनाच्या ‘आर’पुढे बायनरीचा ‘बी’ लावला नाही तर लिनक्सवर काही बिघडत नाही; विंडोजवर मात्र १३ आणि १० या बाइटांची जोडी वाचताना एकटा १० होते, आणि २६ हा बाइट आला की फाइल संपली असे समजले जाते. आज्ञांच्या बाइटांमध्ये २६ कुठेही येऊ शकतो. फाइल अर्धवट वाचली जाते, कुठलीही चूक दाखवली जात नाही, आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरी काळजी स्ट्रक्चरची. हेडरच्या, म्हणजे लोडरसाठीची माहिती असलेल्या फाइलच्या सुरुवातीच्या भागाच्या, प्रत्येक रकान्यासाठी एक घटक असलेले स्ट्रक्चर घ्यायचे आणि ‘एफरीड’ने पूर्ण हेडर त्यात एका दमात ओतायचे, ही युक्ती सर्वांना आवडते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर आणि कॉलेजातल्या टर्बो सीवर ज्यांचा हात बसला, त्या पिढीच्या यंत्रांवर ती बिनतक्रार चालतही असे, कारण टर्बो सी मुळात घटकांच्या मध्ये मोकळे बाइट सोडत नसे. आजचे कंपायलर सोडतात. पीई फॉरमॅट ज्यावरून निघाले त्या कॉफ फॉरमॅटमध्ये सिम्बॉल टेबलची एक नोंद १८ बाइटांची असते. तीच सीच्या स्ट्रक्चरमध्ये लिहिली की कंपायलर शेवटी दोन बाइट भरून ती २० ची करतो. पहिली नोंद बरोबर येते, दुसरी दोन बाइटांनी सरकते आणि दहाव्या नोंदीपर्यंत सगळा कचरा होतो. ईएलएफची मुख्य हेडरे या दृष्टीने विचारपूर्वक आखलेली आहेत. त्यांत अशी पोकळी पडत नाही. तरीही बाइटांच्या क्रमाचा प्रश्न उरतोच. इंटेलच्या प्रोसेसरवर आकड्याचा सर्वांत लहान भाग आधी साठवला जातो, काही प्रोसेसरांवर सर्वांत मोठा. ईएलएफचा सहावा बाइट हेच सांगतो: १ असेल तर लहान भाग आधी, २ असेल तर मोठा.

म्हणून अनुभवी प्रोग्रॅमर संपूर्ण फाइल ‘अनसाइन्ड कॅर’च्या ॲरेत घेतात आणि प्रत्येक रकाना छोट्या फंक्शनने स्वतः जुळवतात. चार बाइटांच्या आकड्यासाठी पहिला बाइट तसाच, दुसरा आठ बिट डावीकडे सरकवून, तिसरा सोळा, चौथा चोवीस, आणि चौघांची बेरीज. लिहायला कंटाळवाणे, पण कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कंपायलरने बांधले तरी उत्तर तेच येते.

६४ बिटांच्या ईएलएफचे हेडर ६४ बाइटांचे असते. पहिले १६ बाइट ओळखीचे. त्यात पाचवा बाइट ३२ बिट की ६४ बिट ते सांगतो. त्यानंतर फाइलचा प्रकार, प्रोसेसरचा क्रमांक (इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरसाठी ६२, बहुतेक मोबाइल फोनांमधल्या आर्म ६४ साठी १८३), २४ व्या ऑफसेटवर (म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून तितक्या बाइटांच्या अंतरावर) प्रोग्रॅम सुरू करण्याचा पत्ता, ३२ व्यावर प्रोग्रॅम हेडरांची जागा आणि ४० व्यावर सेक्शन हेडरांची जागा. ही दोन कोष्टके एकाच मजकुराकडे दोन नजरांनी पाहतात. सेक्शन लिंकरच्या (तुकडे जोडून एक्झिक्युटेबल फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आणि डीबगरच्या सोयीचे: आज्ञांचा सेक्शन, स्थिर मजकुराचा, नावांचा, वगैरे. प्रोग्रॅम हेडर लोडरच्या सोयीचे: फाइलच्या अमुक ऑफसेटपासून तमुक बाइट उचल, या पत्त्यावर ठेव, तिथे वाचायला आणि चालवायला परवानगी दे. लोडरला सेक्शनशी कर्तव्य नसते. सेक्शनांचे कोष्टक पार पुसून टाकले तरी प्रोग्रॅम चालतो. विश्लेषणाची पुष्कळशी साधने मात्र सेक्शनांवरच विसंबतात, आणि विश्लेषण चुकवायचे असलेले लोक नेमके तेच कोष्टक बिघडवून ठेवतात.

वाचनातली खरी मेहनत इथून पुढे आहे. फाइलमधला प्रत्येक आकडा फाइल बनवणाऱ्याने लिहिलेला असतो आणि तो खरा असेलच असे नाही. हेडर म्हणते की कोष्टक अमुक ऑफसेटवर आहे. तो ऑफसेट फाइलच्या लांबीपलीकडचा असू शकतो. ऑफसेट आणि आकार यांची बेरीज करून ती लांबीशी ताडून पाहणे ही सहज सुचणारी तपासणी, पण दोन प्रचंड आकड्यांची बेरीज ६४ बिटांत मावली नाही की ती फिरून लहान होते आणि तपासणी खुशाल पास होते. बरोबर रीत अशी: आधी आकार फाइलच्या लांबीहून मोठा नाही हे पाहायचे, मग ऑफसेट हा ‘लांबी वजा आकार’ याच्या आत आहे हे पाहायचे. वजाबाकीत फसायला जागा राहत नाही. नावांच्या कोष्टकातले प्रत्येक नाव शून्य बाइटने संपते हाही भरवसा नको. शेवटचे नाव न संपताच फाइल संपली तर ‘एसटीआरलेन’ मेमरीत पुढे पुढे चालत जाते. शिवाय आडवळणाचे नियम आहेत. सेक्शनांची संख्या ६५,२८० किंवा त्याहून जास्त असेल तर हेडरच्या दोन बाइटांच्या रकान्यात ती लिहायची नाही; तिथे शून्य लिहून खरी संख्या पहिल्या सेक्शन हेडरच्या आकाराच्या रकान्यात ठेवायची, असे मानक सांगते. हे माहीत नसलेला वाचक मोठ्या फाइलमध्ये एकही सेक्शन नाही असे जाहीर करतो.

लिहिणे त्या मानाने सोपे, कारण लिहिणारा स्वतःला हवे तेवढेच निवडतो. हे पडताळायला एक संपूर्ण फाइल हाताने बांधता येते. लिनक्सच्या पडद्यावर ‘मीरा-भाईंदर’ एवढीच ओळ छापणारा प्रोग्रॅम घेऊ. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. या नावात म, दीर्घ वेलांटी, र, काना, भ, काना, ई, अनुस्वार, द, र अशी दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट; संयोगरेषेचा एक आणि ओळ मोडण्याचा एक. एकूण ३२.

फाइलमध्ये आधी ६४ बाइटांचे हेडर, लगेच ५६ बाइटांचे एकच प्रोग्रॅम हेडर. म्हणजे आज्ञा १२० व्या ऑफसेटपासून सुरू होतील. सेगमेंट, म्हणजे प्रोग्रॅम हेडरने सांगितलेला तुकडा, ४१,९४,३०४ या पत्त्यावर ठेवायचा असे ठरवले, तर सुरुवातीचा पत्ता ४१,९४,४२४. आज्ञा आठच लागतात. पहिल्या चार आज्ञा रजिस्टरांत आकडे भरतात: काम क्रमांक १ म्हणजे लिहिणे, कुठे तर १ म्हणजे पडदा, मजकुराचा पत्ता आणि लांबी ३२. या चौघी प्रत्येकी पाच बाइटांच्या. त्यांचे पहिले बाइट १८४, १९१, १९० आणि १८६. मग कर्नलला हाक मारणारी दोन बाइटांची आज्ञा, १५ आणि ५. नंतर काम क्रमांक ६०, म्हणजे प्रोग्रॅम संपवणे, भरणारी पाच बाइटांची आज्ञा. परतीचा आकडा शून्य करणारी दोन बाइटांची, ४९ आणि २५५. आणि पुन्हा १५, ५. बेरीज ३१. म्हणजे मजकूर १५१ व्या ऑफसेटवर येतो, त्याचा मेमरीतला पत्ता ४१,९४,४५५, आणि तो आज्ञेत १५१, ०, ६४, ० असा लहान भाग आधी लिहावा लागतो. फाइलची एकूण लांबी १५१ अधिक ३२, म्हणजे १८३ बाइट.

सी प्रोग्रॅमचे काम १८३ घरांचा शून्यांनी भरलेला ॲरे घेऊन ठरलेल्या घरांत आकडे टाकण्याचे. हेडरमध्ये प्रकार २, प्रोसेसर ६२, आवृत्ती १, सुरुवातीचा पत्ता, प्रोग्रॅम हेडरची जागा ६४, हेडरची लांबी ६४, एका प्रोग्रॅम हेडरची लांबी ५६ आणि त्यांची संख्या १. सेक्शनांचे रकाने शून्यच. प्रोग्रॅम हेडरमध्ये प्रकार १ म्हणजे मेमरीत चढवण्याचा सेगमेंट, परवानगी ५ म्हणजे वाचणे आणि चालवणे, ऑफसेट ०, पत्ता, फाइलमधला आकार १८३, मेमरीतला आकार १८३, संरेखन (पत्ता ज्या आकड्याच्या पटीशी जुळवायचा तो) ४०९६. परवानगीचा रकाना ६४ बिट फॉरमॅटमध्ये दुसरा असतो आणि ३२ बिटमध्ये सातवा. जुने पुस्तक समोर ठेवून लिहिणारे इथे अडखळतात. ॲरे ‘एफराइट’ने लिहून फाइलला चालवण्याची परवानगी दिली की ती चालते. नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला एवढ्याच कामाचा प्रोग्रॅम १६ केबीच्या आसपास भरतो. त्यातला बराचसा भाग रिकाम्या जागेचा आणि सी लायब्ररीशी जोडणी करणाऱ्या कोष्टकांचा असतो.

कोरी फाइल लिहिणे हे झाले. दुसऱ्याने लिहिलेली फाइल वाचून, तिच्यात बदल करून, ती चालती ठेवणे हे सर्वांत अवघड काम. आणि महाराष्ट्रात या कामावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि नंतर संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी झाली, २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

त्या काळच्या डॉस व्हायरसांची रीत फॉरमॅटवरच बेतलेली होती. कॉम प्रकारच्या फाइलला हेडरच नसे. ती जशीच्या तशी मेमरीत चढे आणि पहिल्या बाइटापासून चालू लागे. व्हायरस स्वतःला फाइलच्या शेवटी चिकटवी, पहिले तीन बाइट आपल्याजवळ जपून ठेवी आणि त्यांच्या जागी ‘शेवटी उडी मार’ ही आज्ञा लिही, जिचा पहिला बाइट २३३. आपले काम झाले की मूळ तीन बाइट मेमरीत परत ठेवून तो खऱ्या प्रोग्रॅमला सुरू करी, म्हणून वापरणाऱ्याला पत्ता लागत नसे. ईएक्सई प्रकारात हेडर असे. त्यात फाइलची लांबी ५१२ बाइटांच्या पानांत आणि शेवटच्या पानातले बाइट वेगळे अशी लिहिलेली असे: ३ पाने आणि शेवटच्या पानात १०० बाइट म्हणजे दोन पूर्ण पानांचे १०२४ अधिक १००, म्हणजे ११२४. व्हायरस सुरुवातीचा पत्ता, स्टॅकचा पत्ता आणि पानांची संख्या हे तिन्ही बदलून टाकी.

बरे करायचे म्हणजे ही सगळी पावले उलट चालायची. व्हायरसच्या पोटात मूळ आकडे कुठे ठेवलेत ते प्रत्येक जातीसाठी आधी शोधून काढावे लागे. मग ते हेडरमध्ये परत लिहायचे आणि फाइलचे शेपूट कापायचे. मानक सी भाषेत फाइल आखूड करण्याचे फंक्शनच नाही. टर्बो सीमध्ये ‘सीएचसाइझ’ आणि युनिक्स घराण्यात ‘एफट्रंकेट’ वापरावे लागते. एक आकडा चुकला तर व्हायरस जातो आणि त्याच्याबरोबर गिऱ्हाइकाचा हिशेबाचा प्रोग्रॅमही जातो. फाइल पुसून टाकणारे अँटिव्हायरस कोणीही लिहू शकतो. फाइल वाचवणाऱ्याचे कसब वेगळे.

१९९३ च्या विंडोज एनटीबरोबर पीई आले आणि डाव अवघड झाला. पीई फाइलच्या तोंडाशी जुने एमझेड हेडर अजूनही असते. त्याच्या ६० व्या ऑफसेटवर खऱ्या हेडरचा पत्ता असतो आणि तिथे ८०, ६९, ०, ० हे बाइट भेटतात. पुढे २० बाइटांचे कॉफ हेडर, नाव ‘ऐच्छिक’ पण प्रत्यक्षात सक्तीचे असलेले दुसरे हेडर, आणि दर सेक्शनसाठी ४० बाइटांची नोंद. सेक्शन फाइलमध्ये सामान्यतः ५१२ च्या पटीत आणि मेमरीत ४०९६ च्या पटीत बसतात, त्यामुळे प्रत्येकाच्या शेवटी थोडी पडीक जागा राहते. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये सोडलेल्या सीआयएच व्हायरसने नेमक्या याच फटी वापरल्या. स्वतःचे तुकडे करून तो त्यांत बसे. फाइलची लांबी एका बाइटनेही वाढत नसे, आणि लांबीवर नजर ठेवणारी साधने गप्प बसत. २६ एप्रिल १९९९ ला त्याने जगभरातल्या संगणकांच्या हार्ड डिस्कवरचा मजकूर आणि काही यंत्रांचे बायोसही पुसून टाकले.

फाइलमध्ये सरळ हेतूने बदल करणाऱ्यालाही हेच गणित सोडवावे लागते. मधे एक बाइट जरी घुसवला तरी त्यापुढचे सगळे ऑफसेट आणि पत्ते चुकतात. म्हणून लांबी न बदलता जागच्या जागी लिहायचे, किंवा नवा मजकूर शेवटी जोडून हेडरमध्ये त्याची नोंद करायची, एवढे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलवर लिनक्स लिहू देत नाही. वेगळ्या नावाने नवी फाइल लिहून, ‘एफक्लोज’चे उत्तर तपासून, मग नाव बदलणे ही सुरक्षित रीत. आणि फाइलवर डिजिटल सही असेल तर एका बाइटाच्या बदलाने ती सही बाद होते.

रोज हजारो एक्झिक्युटेबल फाइली लिहिणारा प्रोग्रॅम म्हणजे लिंकर. मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत सिस्टिम प्रोग्रॅमिंग आणि कंपायलर कन्स्ट्रक्शन हा विषय तिसऱ्या वर्षाला येतो, आणि मीरा रोडपासून वसई-विरारपर्यंतच्या कॉलेजांतले विद्यार्थी तिथे लिंकर शिकतात, बहुतेकदा फळ्यावरच. आयआयटी मुंबईचे धनंजय धामधेरे यांच्या ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या पुस्तकात डॉसच्या ऑब्जेक्ट फाइलींचा लिंकर कसा बांधावा हे तपशिलाने येते. फॉरमॅट जुने झाले तरी विचार जुना नाही: एका फेरीत नावांचे पत्ते गोळा करायचे, दुसऱ्या फेरीत ते योग्य जागी भरायचे. त्याच संस्थेत उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले आणि जीसीसी कंपायलरच्या पोटात शिरण्याच्या कार्यशाळा घेतल्या. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर १६ प्रोसेसरसाठी जीसीसीला जोडलेल्या मूळ सी फाइलींवर कंपनीचे नाव छापलेले होते. रेनेसासच्या छोट्या प्रोसेसरांसाठीची जीएनयू साधनेही तिने अनेक वर्षे तयार करून दिली.

या साधनांची मांडणी शिकण्याजोगी आहे. जीएनयूचा लिंकर आणि ‘ऑब्जडंप’ हे बीएफडी नावाच्या सी लायब्ररीवर चालतात, जी ईएलएफ, पीई आणि इतर अनेक फॉरमॅट्स एकाच पद्धतीने वाचते-लिहिते. ‘रीडईएलएफ’ हे साधन मात्र मुद्दाम बीएफडी वापरत नाही, म्हणजे लायब्ररीत चूक असली तर निदान एक वेगळा साक्षीदार हाताशी राहतो. वर बांधलेली १८३ बाइटांची फाइल तपासायला तेच घ्यावे. ऑब्जडंप सेक्शनांच्या शोधात जातो आणि या फाइलमध्ये एकही सेक्शन नाही, म्हणून तो आज्ञा उलगडून दाखवत नाही. रीडईएलएफ हेडर आणि सेगमेंट जसेच्या तसे वाचून दाखवतो.

हेडरमधल्या एका आकड्याचे मोल किती, हे अँड्रॉइडने अलीकडेच दाखवून दिले. ॲपच्या एपीके फाइलमध्ये सी आणि सी++ मधून बनवलेल्या ज्या लायब्ररी असतात त्या ईएलएफ फाइली होत. मेमरीचे पान वर्षानुवर्षे ४०९६ बाइटांचे होते. अँड्रॉइड १५ पासून १६,३८४ बाइटांची पाने असलेले फोन चालू शकतात, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठीची नवी ॲप्स आणि अपडेट गूगल प्लेवर चढवताना या पानांशी जुळणे बंधनकारक झाले. जुन्या लायब्ररीच्या प्रोग्रॅम हेडरात संरेखन ४०९६ लिहिलेले असते. तो आकडा हेक्स एडिटरने १६,३८४ करून भागत नाही, कारण सेगमेंटचा ऑफसेट आणि पत्ता या दोघांना संरेखनाने भागल्यावर बाकी सारखीच उरली पाहिजे असा ईएलएफचा नियम आहे. ती उरत नसेल, तर लिंकरकडून फाइल पुन्हा बांधून घ्यावी लागते.